चाचणी मुलांची, निकाल गुरुजींचा

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या, आधीपासून सेवेत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा बंधनकारक केली आणि एक जुनं भांडण नव्याने पेटलं. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्यांनी दोन वर्षांत परीक्षा उत्तीर्ण व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी, असा त्या निकालाचा मथितार्थ. वीस-पंचवीस वर्षं फळ्यापुढे काढलेले शिक्षक म्हणाले, आता या वयात आम्ही परीक्षेला बसायचं का? समोरून उत्तर आलं, पोरांच्या परीक्षा घेता, मग स्वतःच्या परीक्षेला का भिता? इथवर दोघांचंही समजण्यासारखं होतं. पण वाद तिथे थांबला नाही. शिक्षकाचा पेपर तपासून काय कळणार, त्याच्या वर्गातल्या मुलांचे गुण बघा, ज्याची मुलं मागे त्याची वेतनवाढ रोखा, ज्याची पुढे त्याला बक्षीस द्या, अशी मागणी सुरू झाली. त्यावर शिक्षकांच्या बाजूने ठरलेलं उत्तर मिळालं: शिकवणं ही मोजायची गोष्टच नाही. एका बाजूला सगळं काही मोजून सुटेल असा भाबडेपणा, दुसऱ्या बाजूला काहीच मोजू नका असा कांगावा. माझ्या मते दोघेही चुकीच्या मुद्द्यावर हातघाईवर आले आहेत. मुलांच्या चाचण्या व्हायला हव्यात, आज होतात त्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे व्हायला हव्यात. पण त्या चाचणीचे गुण शिक्षकाच्या पगाराला, बदलीला आणि अब्रूला बांधू नयेत. मुलाचं अडलंय कुठे हे शोधण्याचं साधन आणि मास्तरांचा न्याय करण्याचं साधन एकच केलं, की दोन्ही कामं बिघडतात.

शिक्षकांची बाजू घेणाऱ्यांना न रुचणाऱ्या गोष्टी आधी मान्य करून टाकू. लोकांचा राग खोटा नाही. घरोघर जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. दोन वर्षांपूर्वी हा आकडा ३८.५ टक्के होता, म्हणजे पाऊल पुढे पडलंय. पण राहिलेल्या निम्म्याहून अधिक मुलांनी पाच वर्षं शाळेत काय केलं, असं विचारणाऱ्या बापाला ‘सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी’ हे उत्तर देण्याचं धाडस कुणी करू नये. त्याची पार्श्वभूमी त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिच्यातून पोर बाहेर पडावं म्हणूनच तो त्याला शाळेत धाडतो. आणि शिक्षकांच्या हातात काहीच नसतं, असंही नाही. २००३ साली जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न कळवता भेटी दिल्या, तेव्हा चारांतला एक शिक्षक जागेवर नव्हता. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के निघालं, पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी. त्यात सरकारी कामासाठी बाहेर गेलेलेही धरले होते, हे खरं. तरीसुद्धा सर्वांत चांगल्या राज्यात सातांतला एक गुरुजी वर्गात नसेल, तर मुलांच्या पालकांनी हिशेब मागायचा नाही तर काय करायचं? सातव्या वेतन आयोगाचा पगार ज्या करातून जातो तो करही तेच भरतात. साध्या काडेपेटीवरसुद्धा.

विरोधी बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा मात्र आपल्या वादात फारसा कुणी आणतच नाही, म्हणून मीच आणतो. अविभाजित आंध्र प्रदेशात २००५ पासून कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी एक मोठा प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून सरकारी शाळा निवडल्या. शंभर शाळांत प्रत्येक शिक्षकाला त्याच्या वर्गाच्या प्रगतीनुसार बोनस, शंभर शाळांत सगळ्या शिक्षकांना मिळून बोनस, आणि तुलनेसाठी बोनस नसलेल्या शाळा. बोनसची रक्कम सरासरीने वर्षाच्या पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे किरकोळच. दोन वर्षांनी बोनसच्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत स्पष्टपणे पुढे गेलेली दिसली. ज्या विषयांना बोनस नव्हता त्या विज्ञान-समाजशास्त्रातही ती मागे पडली नाहीत, उलट पुढे गेली. शिक्षकांची हजेरी वाढली नव्हती. जे हजर होते त्यांनी जादा तास घेतले होते, सराव करून घेतला होता. ‘परीक्षेच्या गुणांना पैसा जोडला की शिक्षण मरतं’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास वाचावा आणि मग बोलावं.

पण मग हा प्रयोग नीटच वाचावा. तिथे परीक्षा घेतली कुणी? शाळेने नव्हे, आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने नव्हे, तर बाहेरून आलेल्या, निकालात काडीचाही स्वार्थ नसलेल्या माणसांनी. मोजलं काय? एकूण टक्केवारी नव्हे, तर तेच मूल वर्षभरात किती पुढे सरकलं ते. आणि कमी पडलेल्याला शिक्षा नव्हती, पुढे गेलेल्याला थोडं बक्षीस होतं. या तीन अटी काढून घ्या आणि तीच योजना महाराष्ट्रातल्या साठ हजारांच्या घरातल्या जिल्हा परिषद शाळांना लावा. मागे काय उरतं ते सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही, खेड्यातला कुठलाही शेतकरी सांगेल. त्याने पैसेवारी, म्हणजे गावाच्या पिकाचा सरकारी अंदाज, पाहिलेली असते. खरिपाची आधी नजरअंदाज पैसेवारी येते, मग सुधारित, मग अंतिम. ती पन्नास पैशांच्या खाली आली की गाव टंचाईग्रस्त, वर राहिली की सवलतींना मुकलं. एकदा हे गणित ठरल्यावर पैसेवारीचा आकडा पिकाचा राहत नाही. तो कुणाच्या दबावाला कोण बळी पडलं याचा होतो. शिवार वाळून गेलेलं असताना बावन्न पैसे लागलेली गावं आपण पाहिली आहेत. पीक मोजणं वाईट नाही. मदत आणि मोजणी एकाच कागदावर आली, आणि मोजणारा हात त्याच उतरंडीतला राहिला, हे वाईट.

शिक्षणात असं होत नाही म्हणता? आपल्याच दहावीचे तीन आकडे बघा. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले, निकाल ७७.१० टक्के. आरडाओरड झाली, मुलं अकरावीच्या स्पर्धेत मागे पडतील म्हणून पालक चिडले, गुण परत आले. २०२० चा निकाल ९५.३० टक्के. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि त्याचे सरासरी गुण दिले गेले, त्याचाही थोडा हात असेल.) एका वर्षात महाराष्ट्रातली मुलं बारा टक्क्यांनी मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी अठरा टक्क्यांनी हुशार झाली, असं कुणाला वाटतं का? बदललं एवढंच की गुण कुणाच्या हातात होते. यात शाळांना मी चोर म्हणत नाही. समोर बसलेल्या मुलीचं पुढचं सगळं त्या वीस गुणांवर अडलंय आणि शाळेच्या निकालाची बातमी उद्या पेपरात येणार आहे, हे माहीत असताना तोंडी परीक्षेत बारा गुण देणारा शिक्षक मला भेटला तर मी त्याच्या पाया पडेन, पण धोरण त्याच्या भरवशावर आखणार नाही.

प्राथमिक शाळेतली नियतकालिक चाचणी आज कशी होते हेही जवळून बघू. पायाभूत, संकलित एक, संकलित दोन; भाषा, गणित, इंग्रजी. प्रश्नपत्रिका वरून छापून येतात, कधी पटापेक्षा चार कमी येतात आणि बाई तालुक्याच्या गावी झेरॉक्स काढायला माणूस पाठवतात. दोन शिक्षकांची शाळा. एका खोलीत तिसरी, चौथी, पाचवी एकत्र. चौथीचा सुमित प्रश्न वाचूच शकत नाही, म्हणून बाई त्याला वाचून दाखवतात. माणुसकी म्हणून हे योग्यच. पण ज्या प्रश्नातून त्याचं वाचन तपासायचं होतं तो प्रश्न आता त्याचं ऐकणं तपासतोय. थोड्या वेळाने तो चुकीच्या पर्यायाला गोल करायला लागतो आणि बाई म्हणतात, ‘बघ हं, पुन्हा एकदा नीट बघ.’ एवढंच. ना कॉपी, ना फसवणूक. संध्याकाळी बाईच पेपर तपासतात, रात्री मुलाबाळांची जेवणं आटोपल्यावर सरकारने दिलेल्या चॅटबॉटवर गुण भरतात, मध्येच रेंज जाते. आज या गुणांवर बाईंचं फारसं काही अवलंबून नाही, म्हणून सुमितला ‘वाचता येत नाही’ असं त्या निदान स्वतःच्या वहीत लिहून ठेवतात. उद्या त्यावर वेतनवाढ ठरली तर सुमित तक्त्यात वाचायला लागेल. तक्त्यातच. मध्य प्रदेशात हे तपासून झालंय. तिथल्या सरकारी चाचणीत मुलांनी जे प्रश्न सोडवले, तेच प्रश्न त्याच मुलांना काही आठवड्यांनी बाहेरच्या माणसांनी दिले, तेव्हा सरकारी कागदावरच्या आकड्यांपेक्षा प्रत्यक्ष पातळी बरीच खाली निघाली. तिथे तर पगारही बांधलेला नव्हता. वरिष्ठांना बरं दिसावं, एवढी प्रेरणा पुरली.

या खेळाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि आपण तो माहीतच नसल्यासारखे पुन्हा पहिल्या पानावरून सुरू करतो. १८६२ मध्ये इंग्लंडात शिक्षणाचं खातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी शाळांचं सरकारी अनुदान मुलांच्या परीक्षेला बांधलं. तपासनीस येणार, वाचन, लेखन, गणित या तिन्हींत मूल तपासणार, प्रत्येक विषयातल्या नापास मुलामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापणार. स्वस्त नसेल तर कार्यक्षम तरी असेल, आणि कार्यक्षम नसेल तर स्वस्त तरी असेल, अशी लो यांची फुशारकी होती. झालं काय? इतिहास, भूगोल, निसर्ग हे विषय प्राथमिक शाळेतून आक्रसले, कारण त्यांना पैसे नव्हते. वाचनाचं पुस्तक वर्षभर इतकं घोकलं जाई की मुलं ते बंद करूनही म्हणून दाखवत. मॅथ्यू अर्नोल्ड, ज्यांना आपण कवी म्हणून ओळखतो, ते पोटापाण्यासाठी शाळातपासनीस होते. वाचन-लेखन-हिशेब खरोखर न येताही मूल या परीक्षेतून पार पडू शकतं, असं त्यांनी आपल्या अहवालात लिहिलं. सगळी यंत्रणा मोडीत काढायला एकोणिसाव्या शतकाचं शेवटचं दशक उजाडावं लागलं. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांच्या अनुदानाला निकालाची हीच रीत लावली गेली होती.

इथे जोतीराव फुल्यांचा आधार घ्यायला लोक पुढे येतील आणि त्यांना तो हक्क आहे. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी म्हटलं आहे की खेड्यातल्या ज्या शिक्षकांची जास्त मुलं उत्तीर्ण होतील त्यांना पगाराखेरीज खास भत्ता द्यावा. म्हणजे निकालाला बक्षीस ही कल्पना इंग्रजांचीच होती असं म्हणून सुटता येणार नाही. पण निवेदन तेवढ्या एका वाक्याचं नाही. प्रशिक्षित शिक्षकाला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावांत पंधरा ते वीस हवा, हे त्याच निवेदनात आहे. आणि तपासणीबद्दल जे आहे ते तर आजच्या शासननिर्णयात जसंच्या तसं घालावं असं आहे: प्राथमिक शाळांवरची देखरेख अगदी अपुरी आणि सदोष आहे, डेप्युटी तपासनीस वर्षातून एकदा येऊन जातो त्याचा काही उपयोग नाही, निदान दर तिमाहीला तपासणी व्हावी, आणि मधूनमधून आगाऊ वर्दी न देता भेटी द्याव्यात. पोटापुरता पगार, वर्गात येऊन पाहणारा तपासनीस आणि मग वरून भत्ता, अशी ती मांडणी आहे. आपल्याला यातलं फक्त शेवटचं हवंय, आणि तेही भत्त्याऐवजी कपातीच्या रूपात. (गुरुजींना गावातली पोस्टमास्तरकी किंवा स्टॅम्पविक्री द्यावी, म्हणजे त्यांचं वजन वाढेल, असंही जोतीरावांनी सुचवलं होतं. आज बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम करणारे शिक्षक हे वाचून कसे हसतील याची मला कल्पना आहे.)

अमेरिकेचं उदाहरण थोडक्यात, कारण ते सगळ्यांनाच हाताशी असतं. २००२ च्या कायद्याने तिथे गुण आणि शाळेची शिक्षा यांची गाठ पक्की झाली. अटलांटा शहरातल्या सरकारी शाळांचे गुण इतके वाढले की देशभर कौतुक झालं. २०११ च्या चौकशीत चव्वेचाळीस शाळांत उत्तरपत्रिकांवरच्या चुका खोडून दुरुस्त केल्याचं निघालं, एकशे अठ्ठ्याहत्तर शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं त्यात आली, आणि २०१५ मध्ये अकरा जण दोषी ठरले, तेही संघटित गुन्हेगारीसाठी केलेल्या कायद्याखाली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेने तो शिक्षणाचा कायदा बदलला. यात नुकसान कुणाचं झालं? ज्या मुलाचं चुकलेलं उत्तर रात्री खोडरबराने बरोबर झालं, त्याला जादा मदतीची गरज आहे हे कुणाला कळलंच नाही.

आता कुणी म्हणेल, बंदोबस्त नीट करू, बाहेरचे पर्यवेक्षक आणू, टॅबवर परीक्षा घेऊ, कॉपी बंद. समजा झाली. मग आकडा खरा आला, पण तो कुणाचा? आपल्या ग्रामीण शाळांची रचना लक्षात घ्या. साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, हा शिक्षणहक्क कायद्याचाच निकष. वर्गात आठ मुलं असली तर एक मूल म्हणजे साडेबारा टक्के. बीडमध्ये, पाथर्डी-शेवगावात दसरा-दिवाळीला कोयत्याच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात, तशी या आठातली तीन जातात. पायाभूत चाचणी देऊन गेलेली मुलं संकलित एकला नसतात आणि संकलित दोनला परत येतात तेव्हा पाच महिन्यांचं सगळं गेलेलं असतं. काहींसाठी हंगामी वसतिगृह असतं, काहींसाठी नसतं, कारण प्रस्ताव उशिरा मंजूर झालेला असतो. पुढच्या वर्षी तीनच्या जागी एकच गेलं की निकाल पंचवीस टक्क्यांनी सुधारणार आणि त्याच बाई आदर्श शिक्षिका ठरणार. बाईंनी दोन्ही वर्षं तेवढंच राबून शिकवलं. एवढ्या लहान संख्येवर माणसाचा न्याय करणं म्हणजे नाणं उडवून, त्याला दोन दशांशांपर्यंत टक्केवारी लावणं. शहरातल्या साठ पोरांच्या वर्गात हा दोष कमी होईल, पण तिथे शिकवणीचा प्रश्न येतो: मुलाचे गुण शाळेच्या बाईंचे, की कोपऱ्यावरच्या क्लासवाल्यांचे?

शिवाय शिक्षक हा हिशेब न कळण्याइतका भोळा नाही. कुठल्या मुलावर मेहनत घेतली तर आकडा हलेल, हे त्याला पहिल्या आठवड्यात कळतं. शिष्यवृत्ती परीक्षेत आपण हे वर्षानुवर्षं बघतो. निवडक पाच-सात मुलं, त्यांच्यासाठी सकाळी सातचा जादा तास, दिवाळीच्या सुट्टीतही सराव, निकाल लागला की फ्लेक्स. त्या शिक्षकांची मेहनत खरी आहे, मी ती कमी लेखत नाही. काही जिल्हा परिषद शाळांनी याच जोरावर इंग्रजी शाळेत गेलेली मुलं परत आणली. पण त्याच वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसलेली, अजून जोडाक्षराला अडणारी मुलं त्या तासाला कुठे असतात? ती फ्लेक्सवर येणार नसतात. ‘अमुक टक्के मुलं पातळीवर’ असा निकष लावला की सीमारेषेजवळची दोन-चार मुलं सोन्याची होतात आणि तळातली पोरं बिनकामाची. नेमकी ज्यांच्यासाठी सरकारी शाळा काढली, ती.

आणि जबाबदारी हा शब्द नेहमी खालच्याच पायरीवर का येऊन थांबतो? शिक्षणहक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरी अशैक्षणिक कामं लावू नयेत. तरीही जानेवारी २०२४ मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षकच घरोघरी फिरले. खिचडीचा रोजचा आकडा, यूडायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती, आधार जुळवणी, कुणाच्या तरी लिंकवर कार्यक्रमाचे फोटो, हे सगळं शाळेच्याच वेळात. यामुळे बुडालेल्या तासांचे गुण कुणाच्या खात्यातून कापायचे? तहसीलदारांच्या? आणि हेही आठवा की शिक्षकांच्या पात्रतेची परीक्षा घेणारी यंत्रणाच कशी निघाली. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचं उघड झालं, साडेसात हजारांहून अधिक उमेदवार त्यात सापडले, परीक्षा परिषदेचे वरिष्ठ अधिकारीच तुरुंगात गेले. परीक्षा हवी, मीही म्हणतो. पण परीक्षा म्हटलं की निकाल निर्मळच असतो, अशी श्रद्धा निदान महाराष्ट्राने तरी बाळगू नये.

मग करायचं काय? चाचण्या दोन करा आणि त्यांच्यात भिंत घाला. एक वर्गातली, बाईंची स्वतःची, जिचे गुण शाळेबाहेर जाणार नाहीत. तिच्यात सुमितला वाचता येत नाही हे निर्भयपणे लिहिता यायला हवं, कारण ते लिहिल्यावरच त्याच्या पातळीचं शिकवणं सुरू होतं. दुसरी बाहेरच्यांनी घ्यायची, प्रत्येक मुलाची नाही, नमुन्याने निवडलेल्या शाळांतली. ‘असर’ची तरुण मुलं २००५ पासून काय वेगळं करतात? घरी जातात, मुलाजवळ बसतात, एक साधा कागद हातात देऊन वाच म्हणतात. ना मुलाचं नाव जाहीर होतं, ना शिक्षकाचं, म्हणून तो आकडा फुगवण्यात कुणाला रस नसतो आणि म्हणूनच तो आपल्याला झोंबतो. असा आकडा जिल्ह्याचा, फार तर तालुक्याचा जाहीर करावा आणि त्याचा जाब मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना, शिक्षणाधिकाऱ्यांना, पालकमंत्र्यांना विचारावा, कारण पदं भरणं, वसतिगृहं वेळेत सुरू करणं, शिक्षकाला वर्गात राहू देणं हे त्यांच्या हातात आहे. मुलांना वाचन-गणित यावं म्हणून चालणाऱ्या ‘निपुण महाराष्ट्र’ या सरकारी उपक्रमातलं चावडी वाचनही मला तत्त्वतः आवडतं. गावाने आपल्या पोरांचं वाचन ऐकावं यात गैर काही नाही. फक्त उतारा आधी न दिलेला असावा आणि अडणाऱ्या पोराला गावापुढे उभं करून त्याचं हसं करू नये. नाहीतर तेही स्नेहसंमेलन होतं.

राहिला तो प्रश्न, जो माझ्यासारख्यांना दर वेळी शेवटी विचारला जातो: मग कामचुकार शिक्षकाचं काय? त्याला तसाच पगार खाऊ द्यायचा? मुळीच नाही. पण त्याला शोधायला चॅटबॉट लागत नाही. गावात एसटीतून उतरल्यावर पहिल्या टपरीवर विचारा, कोणते गुरुजी शिकवतात आणि कोणते प्लॉटिंगचा धंदा बघतात ते चहा येईपर्यंत कळेल. त्याला ताकीद देण्याची, वेतनवाढ रोखण्याची, विभागीय चौकशी लावण्याची तरतूद सेवानियमांत आजही आहे. ती वापरली जात नाही, कारण त्यासाठी केंद्रप्रमुखाने किंवा विस्तार अधिकाऱ्याने वर्गात येऊन तासभर बसावं लागतं, मुलांना स्वतः वाचायला लावावं लागतं, जे दिसलं ते सहीनिशी लिहावं लागतं आणि मग संघटनेच्या नि पुढाऱ्यांच्या फोनला तोंड द्यावं लागतं. केंद्रप्रमुखाची जागा रिकामी असेल तर त्याच केंद्रातला एखादा शिक्षक प्रभारी म्हणून हे काम बघतो. तो आपल्याच सोबत्याविरुद्ध काय लिहिणार? गुणांचा तक्ता वरच्या साहेबाला या सगळ्या कटकटीतून सोडवतो, म्हणून तो साहेबाला प्रिय. शाळेचं शेरेबुक उघडून बघा. ‘शाळेस भेट दिली. पट व उपस्थिती पाहिली. पोषण आहार समाधानकारक.’ खाली तारीख आणि लफ्फेदार सही. वेतनवाढ रोखलेला शिक्षक उद्या अपिलात गेला आणि ‘माझा तास कुणी पाहिला होता?’ असं त्याने विचारलं, तर पुरावा म्हणून एवढ्याच तीन ओळी पुढे ठेवाव्या लागतील.